बिनआवाजाची कवायत

शाळेतल्या पीटीच्या सरांना हळू बोलता येत नाही. येत नाही म्हणजे येतच नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुकानात काडेपेटी मागितली तरी शेजारच्या दुकानातला माणूस दचकून उभा राहायचा. त्यांचं आणि गणिताच्या बाईंचं लग्न ठरत होतं तेव्हा बाईंच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं म्हणे, की मुलगा चांगला आहे, पण तो आपल्यावर चिडलाय का? मुलं त्यांना पाठीमागे शिट्टीसर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

असा हा मैदानावरचा माणूस साथीनं घरात कोंडला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी. शाळा बंद झाली आणि बाईंचा वर्ग स्वयंपाकघरात भरायला लागला. पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन आणि फळ्याच्या जागी फ्रिजचं दार. त्या दारावर त्या पेनानं गणितं मांडायच्या आणि पुसायच्या, आणि सर दुधासाठी फ्रिज उघडायला गेले की अर्धं गणित त्यांच्याबरोबर फिरायचं. पलीकडून सगळा वर्ग खिदळायचा. शेवटी बाईंनी त्यांना गॅलरीत हद्दपार केलं आणि सांगितलं, की माझा वर्ग सुरू असेपर्यंत तुमच्या तोंडाला कुलूप.

सर गॅलरीत बसून राहिले. करायचं काय? कोणाला रांगेत उभं करणार, कुंड्यांना?

मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्या शिक्षकांची बैठक घेतली, अर्थात फोनवरच. त्या म्हणाल्या, अभ्यास बघायचाच आहे, पण त्याच्याआधी मुलांकडे बघा. कोण जेवत नाही, कोण झोपत नाही, कोण गप्प झालंय, हे आपल्याला कळायला हवं. प्रत्येकाला काम वाटून दिलं. सरांची पाळी आली तेव्हा मोठ्या बाई जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, सर, तुमचा विषय काही फोनवरून व्हायचा नाही, तेव्हा तुम्ही आपले सहावीच्या मुलांना फोन करून ख्यालीखुशाली विचारत जा. मोठ्या बाईंच्या मनात वावगं काही नव्हतं, पण सरांना ते चांगलंच झोंबलं. माझा विषय फोनवरून व्हायचा नाही? दिवसभर ते त्याच घुश्श्यात घरात फिरत होते.

तरी दुसऱ्या दिवशी निमूटपणे फोन केले. विचारलं, काय रे, बरा आहेस ना? पलीकडून, हो सर. जेवतोस ना? हो सर. अभ्यास होतोय ना? हो सर. शेवटी चिडून त्यांनी एकाला विचारलं, अरे, तू गाढव आहेस का? त्यावरही हो सर. फोन ठेवून सर डोकं धरून बसले. आता ह्यात त्या पोरांचा काय दोष? सरांनी काहीही विचारलं की छाती पुढे काढून हो सर म्हणायचं, हे सरांनीच तर त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

तेव्हा सरांनी ठरवलं, बोलणं बिलणं गेलं खड्ड्यात. आपल्याला जे येतं ते करू. कवायत घेऊ.

पुष्कळ घरांत एकच फोन, त्याचीही काच तडकलेली, आणि चित्र सुरू केलं की पोरगं एक पाय हवेत घेऊन तसंच थिजून राहायचं. म्हणून सरांनी चित्र बंदच करून टाकलं. हुकूम सोडला, की सकाळी सगळ्यांनी एकत्र फोनवर यायचं, फोन जमिनीवर ठेवायचा, स्पीकर चालू करायचा आणि मी मोजतो तशा उड्या मारायच्या. मला दिसत नाही म्हणून कोणी बसून राहील तर खबरदार, मला पाय ऐकू येतात.

आणि खरंच यायचे. गॅलरीत मांडी घालून, फोनला कान लावून सर बसायचे, आणि थोड्याच दिवसांत त्यांना एकेकाचे पाय ओळखू यायला लागले. वर्गातला तो उंचाडा, ज्याला सगळे ताडमाड म्हणत, त्याचे दोन पाय कधी एका वेळी जमिनीला टेकायचे नाहीत. एका मुलीच्या घरी कपाटातले कप किणकिणायचे. एक पठ्ठ्या उड्या मारताना काहीतरी कुडुमकुडुम खात असायचा, त्याला सर नावानिशी पकडायचे आणि तो घास गिळून हो सर म्हणायचा.

कवायत संपली की सर ओरडायचे, विश्राम. मैदानावर विश्राम म्हणजे पाय फाकवून, हात मागे बांधून उभं राहणं. इथे बघणारं कोण? मुलं धापा टाकत फोनच्या शेजारी जमिनीवर आडवी पडायची. आणि गंमत बघा, त्या आडव्या पडलेल्या मुलांना कंठ फुटला. छातीचा भाता चालू असताना कोणाला हो सर म्हणायचं सुचत नसावं. एक जण म्हणाला, सर, मला झोपच येत नाही. दुसरी म्हणाली, माझी आजी दुसऱ्या गावी एकटी आहे, फोन वाजला की मला भीती वाटते. ताडमाड म्हणाला, मला वर्गातल्या बाकाची आठवण येते, आणि कोणी हसलं नाही. सर ऐकत राहायचे. उपदेश करायला जावं तर मोजणी ओरडून त्यांनाही धाप लागलेली असायची, तेवढंच मुलांचं नशीब. मोठ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी फोन करून सरांना शाबासकी दिली, आणि सर दिवसभर फुलून होते. रात्री जेवताना त्यांनी बाईंना सुचवून पाहिलं, की शिकवण्याबाबत काही अडचण असेल तर विचार बरं का मला. बाईंनी पुढ्यात पोळी टाकली आणि म्हणाल्या, जेवा.

इथवर सगळं छान चाललं होतं. आणि मग सरांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

सहावीत एक मुलगी होती. चणीनं एवढीशी, पण आवाज असा, की तिला सगळी शाळा भोंगा म्हणायची. कवायतीला मोजणी द्यायला सर नेहमी तिलाच पुढे काढायचे. ती एक, दोन म्हणायला लागली की मैदानाच्या पार टोकाची रांगसुद्धा हलायची. सरांचा तिच्यावर फार जीव. अख्ख्या शाळेत आपल्या बरोबरीचं कोणी असेल तर ही चिमुरडी, असं ते उघड म्हणायचे. पण फोनवरच्या कवायतीत भोंगा नुसती हजर असायची. पडद्यावर तिच्या आईचा नंबर दिसायचा, बाकी ना पायांचा आवाज, ना तोंडाचा. विश्राम झाल्यावरही चिडीचूप. सरांनी काही दिवस वाट बघितली. मग एका सकाळी सगळ्यांच्या देखत, देखत म्हणजे ऐकत, ते कडाडले.

“भोंगा, तुझे पाय मला एकदाही ऐकू आलेले नाहीत. सगळे घाम गाळतायत आणि तू आरामात बसून ऐकतेस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

कोणीतरी फिसकन हसलं. भोंगा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नंबर पडद्यावर नव्हता, आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

सरांनी आधी खांदे उडवले. रुसली असेल, येईल. पण मग बाईंनी सांगितलं, की गणितालाही ती येईनाशी झालीय. मोठ्या बाईंनी भोंग्याच्या आईशी संपर्क साधला तर तिचा निरोप आला, की मुलगी आता शाळेत जायचंच नाही म्हणते, उघडली तरी नाही.  सरांनी लगेच फोन लावला. पलीकडून आईचा आवाज आला, अगदी पुटपुटल्यासारखा, नंतर करते सर, आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसानं काळजीनं फोन करावा आणि समोरच्यानं तोंडावर ठेवावा? बाईंनी त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात भाजीची पिशवी दिली. म्हणाल्या, भाजी आणायला बाहेर पडता येतं ना? मग वाकडी वाट करून तिच्या घराखालून या. आणि गळ्यातली शिट्टी काढून ठेवा.

शिट्टी काढायची ते विसरले. मुद्दाम नाही हो, ती त्यांच्या गळ्यात जन्मापासूनच असावी अशी होती.

भोंग्याचं घर एका शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारावर घंटीचं बटण होतं, पण त्याच्यावर चिकटपट्टी मारलेली. सर मागे सरकून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी खिडकीकडे बघितलं. हाक मारणं बरं दिसणार नाही, असा पोक्त विचार करून त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि शिट्टी ओठांत धरली.

तेवढ्यात खिडकीत भोंग्याची आई आली. सरांना बघून तिचा चेहरा असा काही झाला, जणू ते घर पेटवायलाच आलेत. तिनं दोन्ही हात जोरजोरात हलवले आणि मग ओठांवर बोट ठेवलं. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. ओठांत धरलेली शिट्टी न वाजवता परत खाली आली, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

ती खाली आली ती चपला हातात घेऊन. अंतर ठेवून उभी राहिली आणि मास्कमधून काहीतरी कुजबुजली. सरांना ओ की ठो कळेना. ते पुढे झाले तर ती मागे झाली. शेवटी तिनं खूण केली आणि त्यांना कोपऱ्यावरून पलीकडच्या गल्लीत नेलं. तिथे मोठ्यानं बोलायला हरकत नव्हती, तरी बिचारीला कुजबुजायचीच सवय लागलेली.

तिचा नवरा मोठ्या दवाखान्यात नर्स होता, साथीच्या वॉर्डात. रात्रपाळी करायचा, सकाळी घरी यायचा, अंघोळ करून पडद्यापलीकडच्या पलंगावर झोपायचा. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याला पुरती झोप मिळाली पाहिजे, नाहीतर त्याच्या हातून वॉर्डात काही चूक होईल किंवा तो स्वतःच आजारी पडेल, ही मायलेकींना एकच धास्ती. म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. घंटी बंद, नळ बारीक. भांडी तो कामावर गेल्यावरच घासायची.

“सर, तुम्ही तिला बसून राहते म्हणालात,” ती म्हणाली. “ती एक दिवससुद्धा बसलेली नाही. फोन उशीखाली दाबायची, जाड रजईची घडी घालायची, बाबांचे मोजे चढवायची आणि चवड्यांवर उड्या मारायची. एकही उडी सोडली नाही तिनं. तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण ऐकू येऊ नये म्हणूनच ती तेवढी जपत होती.”

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. 

आईचं पुढचं बोलणं जास्त वाईट होतं. गप्प राहता राहता पोरीचा आवाजच गेल्यासारखा झाला होता. बाबा कामावर गेले, घर मोकळं झालं, तरी ती बोलत नव्हती. मान हलवायची, बोटानं दाखवायची. शाळेत नको म्हणाली तेही पाटीवर लिहून दाखवलं. का नको, तर तिथे मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मला आता येत नाही. एवढं सांगून आईनं डोळे पुसले आणि चपला हातात घेऊन परत गेली.

सर घरी आले ते रिकामी पिशवी घेऊन. बाईंनी भाजीचं विचारलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून पुढचं विचारलं नाही. सरांनी सगळं सांगितलं. आपल्याला वाटलं आवाज नाही म्हणजे मुलगी नाही, आणि ती तर तिथेच नाचत होती, असं ते म्हणाले. बाई फ्रिजला टेकून उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, की अहो, मी तरी वेगळं काय केलं? तिला प्रश्न विचारायचा, उत्तर आलं नाही की पुढच्या मुलीकडे वळायचं. फ्रिजवरची सगळी उदाहरणं त्यांच्या पाठीवर उमटली, पण बाईंच्या ते ध्यानात नव्हतं.  

सर उठले ते ठरवूनच. तिला आवाज करता येत नाही ना? मग सगळेच बिनआवाजाचे होऊ. सहावीची कवायत आता अळीमिळी गुपचिळी. ज्याचे पाय मला ऐकू आले तो बाद.

कल्पना झकास होती, अडचण एकच. हुकूम देणार कोण? सरांचा आवाज भोंग्याच्या घरात फोनमधून घुमला तर बाबा पलंगावरून खाली पडायचे. म्हणजे सरांना कुजबुजायला शिकणं भाग होतं. बाईंनी शिकवायला घेतलं. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या, सर गॅलरीत, आणि सरांनी असं बोलायचं की बाईंना ऐकू येता कामा नये. पहिल्या दिवशी सर जिवाच्या आकांतानं हळू आवाजात म्हणाले, जरा चहा ठेव. समोरच्या इमारतीतले म्हातारबुवा म्हणाले, अर्धा कप मलाही. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. घशातून नको, नुसत्या श्वासातून बोला, असं त्या सांगायच्या. आकडे चुकणाऱ्या मुलाला जशा न चिडता पुन्हा पुन्हा सांगायच्या, तशाच नवऱ्यालाही सांगत राहिल्या. शेवटी एका संध्याकाळी सर कुजबुजले आणि बाईंनी आतून विचारलं, काही म्हणालात का? सरांनी गॅलरीतल्या गॅलरीत उडी मारली, चवड्यांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, मी भोंग्याला ओरडलो, ते चुकलं. ती कवायत करत होती, आणि तुमच्या सगळ्यांपेक्षा अवघड कवायत करत होती. आता आपण तिच्यासारखी करून बघू, म्हणजे कळेल. भोंग्याच्या आईला त्यांनी निरोप धाडला होता, की बाकी काही नको, फक्त फोन उशीखालून काढून जमिनीवर ठेवा. सर बोलत असताना पडद्यावर तो नंबर उमटला. सरांना एवढं बरं वाटलं, की ते कुजबुजायचं विसरणारच होते, पण मागून बाईंनी पाठीवर चिमटा काढला.

मग काय धमाल झाली. बिनआवाजाची उडी मारणं म्हणजे खायचं काम नाही, हे मुलांना पहिल्याच मिनिटाला कळलं. ताडमाड तर रोज सुरुवातीलाच बाद. कपवालीनं कप उचलून पलंगावर ठेवले आणि मग पलंगच कुरकुरला. भोंगा मात्र कधी बाद झाली नाही. विश्राम झाला की मुलं कुजबुजत तिला विचारायची, की अगं, करतेस तरी कसं, आम्हाला शिकव ना. ती बोलू शकत नाही म्हटल्यावर ताडमाडनं तोड काढली. त्यानं विचारलं, मोजे घालायचे का? हो असेल तर फोनवर एकदा टकटक कर. सगळ्यांनी कान टवकारले. आणि नखाची एक टक ऐकू आली.

त्या टकटकीचं लोण गणितापर्यंत गेलं. भोंगा बाईंच्या वर्गात परत आली आणि उत्तरं टकटक करून द्यायला लागली. उत्तर मोठं असलं की बिचारी टकटकत बसायची, तेव्हा बाई खास तिच्यासाठी लहान उत्तरांची गणितं शोधून काढायच्या. त्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा, पण कधी कुरकुरल्या नाहीत. घरात दोघांचंही बरं चाललं होतं. सर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात कुजबुजत बोलत होते, आणि बाई म्हणायच्या, ह्या साथीनं मला नवीन नवरा दिला.

पण सरांच्या मनातला काटा निघाला नव्हता. टकटक ठीक आहे, पण आवाज कुठाय? शाळा आज ना उद्या उघडणार. सगळी मुलं मैदानावर आरडाओरडा करतील आणि ही पोर घरात बसून नखानं टकटक करेल? विश्राम झाला की रोज ते थोडं थांबायचे, वाटायचं आज एखादा शब्द येईल. येत नव्हता.

एक दिवस कवायत संपली, मुलं एकेक करून गेली, पण भोंग्याच्या घरचा फोन बंद झाला नाही. सर काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून एका पुरुषाचा दमलेला आवाज आला. भोंग्याचे बाबा. बायको पाणी भरायला खाली गेलीय, मुलगी अंघोळीला, तेवढ्यात बोलतो, असं ते म्हणाले. सर ओशाळले. आमच्यामुळे तुमची झोपमोड झाली, माफ करा, असं ते पुटपुटले.

“झोप कुठे लागते सर मला,” बाबा म्हणाले. “वॉर्डात सतत काहीतरी वाजत असतं. यंत्रं, गाड्या, खोकणं. ते चालू आहे तोवर सगळं ठीक असतं. एखाद्या पलंगाशी एकदम शांत झालं, की आम्ही सगळे तिकडे धावतो. आता घरी येतो तर इथे एवढी शांतता, की डोळा लागला की मी दचकून उठतो. मग पडद्याच्या फटीतून हिची कवायत बघत पडून राहतो. दिवसभरात तेवढंच बरं वाटतं.”

सरांनी विचारलं, मग त्यांना सांगत का नाही? बाबा म्हणाले, दोघी माझ्यासाठी एवढ्या राबतात, झोप लागत नाही कोणत्या तोंडानं सांगू? मी डोळे मिटून पडून राहतो. आणि सांगितलं तरी ऐकतील का? म्हणतील, हा आपलं मन राखायला बोलतोय.

“ती माझं ऐकणार नाही सर. तुमचा हुकूम मात्र मोडणार नाही. तिला उड्या मारायला सांगा, वाजतील अशा.”

 फोन ठेवून सरांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, की उद्या मी माझा वर्ग जरा उशिरा घेते, तुम्ही व्हा मोकळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुलं मोजे घालून, श्वास रोखून तयार होती. सर गॅलरीत उभे राहिले. इतक्या दिवसांचा कोंडलेला आवाज त्यांनी पोटातून वर घेतला आणि मैदानावर देतात तसा दिला.

“सहावी, सावधान. आजपासून अळीमिळी बंद. भोंगा, एक पाऊल पुढे. मोजणी तू देणार आहेस. बाबांना विचारून हुकूम देतोय, त्यांना तुझा आवाज हवाय.”

समोरच्या म्हातारबुवांनी खिडकी उघडली. फोनवर कोणी हललं नाही. पलीकडच्या त्या घरात काय चाललं असेल ह्याची सर नुसती कल्पना करत होते. पोर बाबांच्या पलंगापुढच्या पडद्याकडे बघत असेल. आई ओठांवर बोट ठेवत असेल.  आपण घाई तर नाही केली, असं सरांना वाटायला लागलं. आणि मग गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला.

“एक.”

खरखरीत आणि बारीक. पुन्हा शांतता. कोणी हसलं नाही, ताडमाडसुद्धा श्वास धरून होता. मग दोन आलं, जरा बरं. तिनाला आवाज फुटला, चाराला चढला, आणि त्या चारावर दोन पाय दाणकन जमिनीवर आदळले. रजई नाही, मोजे नाहीत, उघडे पाय. सरांनी ते पाय आयुष्यात कधी ऐकले नव्हते, तरी त्यांना लगेच ओळखू आले. मग सगळेच सुटले. कप किणकिणले, पलंग कुरकुरला, ताडमाडचे दोन पाय दोन दिशांना पडले, आणि त्या सगळ्यांच्या वर भोंगा मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, मैदानाच्या पार टोकापर्यंत पोचेल अशी. बाई हातात फ्रिजवर लिहायचं पेन तसंच घेऊन गॅलरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

आणि मध्येच मोजणी थांबली.

सगळ्यांचे पाय थांबले.  सरांनी फोन उचलून कानाला लावला. पलीकडून आधी एक लांबलचक घरघर ऐकू आली, मग थोडं थांबून आणखी एक, आणि मग भोंग्याचा आवाज, फोनच्या अगदी जवळून.

“सर, बाबा घोरतायत.”

सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी ऐकलं होतं. 

“मग थांबू नकोस,” ते म्हणाले. “मोज. मोठ्यानं मोज.”

हे मात्र त्यांच्या तोंडून अगदी हळू आलं, आणि ह्या वेळी ते कोणी शिकवलेलं नव्हतं. पलीकडे भोंग्यानं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.